दोन सोमवारांच्या मधला गोवा

सोमवार, ९ डिसेंबर १९६३. फोंडा तालुक्यातल्या मडकईत, खाजनाच्या, म्हणजे खाडीकाठच्या भातशेतीच्या, बांधाला लागून असलेल्या एका घरात तुम्ही जागे झाला आहात. चार मातीच्या भिंती, वर माडाच्या झावळ्या. भिंती तुम्ही बांधल्या, झावळ्या तुम्ही विणल्या, पण घराखालची जमीन भाटकाराची, म्हणजे जमीनदाराची. तुमचे आजोबा इथेच जन्मले, वडील इथेच वारले, तरी भाटकाराच्या मनात आलं तर उद्या तुमची चूल रस्त्यावर येईल. म्हणून तुम्ही मुंडकार. खाजनात तुम्ही कोरगुट भात पिकवता, मानशीच्या दारातून खारं पाणी आत येऊ नये म्हणून रात्रीबेरात्री बांधावर धावता, आणि कापणी झाली की खळ्यावरच भाटकाराचा माणूस मापाचा कुडव घेऊन उभा राहतो. त्या नात्यानं तुम्ही कूळ. त्याच्या घरी लग्नकार्य निघालं की लाकडं फोडायला, पाणी भरायला तुम्ही जाता. पैसे मागायचे असतात हे तुम्हाला कुणी शिकवलेलं नाही.

आज मात्र तुम्ही पहाटेच न्हाऊन धुतलेला सदरा चढवला आहे. देवळाच्या अग्रशाळेत मतदान आहे. गोव्याच्या विधानसभेची ही पहिलीच निवडणूक. पोर्तुगिजांचं राज्य ४५१ वर्षं चाललं, त्यात तुमच्या घराण्यातल्या कुणाला राज्यकर्ता कोण असावा हे विचारलं गेलं नव्हतं. १९ डिसेंबर १९६१ ला भारतीय सैन्यानं गोवा मुक्त केला, त्याला दोन वर्षं पुरी व्हायला दहा दिवस उरले आहेत.

रांगेत पाहा. देवळात ज्या पायरीपाशी तुम्हाला थांबावं लागतं, तिच्या वर ज्यांचा सहज वावर असतो, त्या घरची मंडळीही याच रांगेत आहेत. त्यांच्यातले दोघे तुमच्या मागे उभे आहेत. कुणी त्यांना पुढे जायला सांगत नाही. तुम्ही बाजूला सरकायला निघता, सवयच तशी आहे, पण दारातला पोलीस तुम्हाला हातानं खूण करून जागेवरच थांबवतो. या सबंध दिवसातली हीच घटना सर्वांत मोठी आहे असं मला वाटतं. पुढे जे जे झालं त्याचं मूळ या रांगेत आहे.

आत कागद मिळतो. आडोशाला शिक्का मारायचा आहे. आपण काय केलं ते भाटकाराला कळेल का, ही भीती पोटात आहेच. कालपर्यंत त्याचा मुकादम वाड्यावर फिरून सांगत होता की काँग्रेसला मत म्हणजे नेहरूंना मत. नेहरूंबद्दल तुम्हाला आदर आहे. सैन्य त्यांनीच पाठवलं. पण काँग्रेसच्या मंचावर स्वातंत्र्यसैनिकांच्या बाजूला बसलेली माणसं तुम्ही पाहिली आहेत, आणि त्यांतल्या काहींच्या खळ्यावर तुम्ही भात वाहिलेलं आहे. दुसरीकडे डॉ. जॅक सिक्वेरांचा युनायटेड गोवन्स पक्ष आहे. गोवा वेगळा राहिला पाहिजे, असं तो म्हणतो. तिसरा पक्ष याच वर्षी जन्मलेला, महाराष्ट्रवादी गोमंतक. लोक त्याला मगो म्हणतात. तुम्ही मगोला मत देता.

का देता, ते नीट लक्षात ठेवा, कारण तीन वर्षांनी तुम्हाला हाच प्रश्न वेगळ्या रूपात विचारला जाणार आहे.

मगोनं दोन गोष्टी मागितल्या आहेत: कसणाऱ्याला जमीन आणि गोव्याचं महाराष्ट्रात विलीनीकरण. तुमच्या कानाला त्या दोन वाटतच नाहीत. सीमेपलीकडे, सावंतवाडीकडे तुमची सोयरीक आहे. तिकडे कूळकायदा आहे. १ एप्रिल १९५७ या कृषकदिनानं तिकडच्या कुळांना मालकीचा रस्ता उघडून दिला, हे तुम्ही लग्नाच्या पंगतीत ऐकलं आहे. तिकडे गावोगाव मराठी शाळा आहेत. आणि चारच दिवसांपूर्वी, ५ डिसेंबरला, मुंबईत वसंतराव नाईक मुख्यमंत्री झाले. बंजारा समाजातला माणूस मुख्यमंत्री होऊ शकतो, असं ते राज्य आहे. महाराष्ट्र तुम्ही पाहिलेला नाही. तुमच्या लेखी महाराष्ट्र म्हणजे भाटकाराचा हात जिथे पोचत नाही असा मुलूख.

आणि मगोचा पुढारी आहे दयानंद बांदोडकर. सगळे त्यांना भाऊ म्हणतात, भाऊसाहेब म्हणतात. १२ मार्च १९११ चा पेडण्याचा जन्म, घरची गरिबी, लहान वयात धंद्याला लागलेला माणूस. दुसऱ्या महायुद्धानंतर गोव्यातल्या खनिजाला जपानची बाजारपेठ मिळाली, खाणींचा धंदा उसळला आणि त्या लाटेत जे उद्योगपती वर आले त्यांत भाऊ होते. पैसा आल्यावर त्यांनी तो शाळांना दिला, देवळांना दिला, दारात आलेल्याला दिला. पण तुमच्या वाड्यावर त्यांच्याबद्दल जे बोललं जातं ते पैशाबद्दल नसतं. देवदासींच्या प्रथेत पिढ्यान्‌पिढ्या अडकवलेला आणि त्यावरून हिणवला गेलेला जो समाज पुढे गोमंतक मराठा समाज या नावानं संघटित झाला, त्या समाजात भाऊंचा जन्म. याच समाजानं केसरबाई केरकर दिल्या, मोगूबाई कुर्डीकर दिल्या. त्यांच्या गाण्याला मान होता, घरांना नव्हता. त्या समाजातला माणूस आता मंचावर उभा राहून मतं मागतो आहे आणि समोर तुमच्यासारखे हजारो बसले आहेत.

खाणमालक कुळांचा पुढारी कसा, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला आणि आजही विचारला जातो. तो रास्त आहे. उत्तर शोधायचं तर भाऊंचा पैसा कुठून येत होता ते पाहावं लागतं. तो डोंगरातून निघत होता, बार्जमधून बंदरावर जात होता. कुळाच्या खंडावर त्यांची चूल पेटत नव्हती. भाटकारशाहीच्या विरुद्ध उभं राहायला लागणारा पैसा त्यांच्याकडे होता, आणि भाटकारशाही मोडली तरी त्यांचं काही जाणार नव्हतं. गरीब कुळातून उभा राहिलेला पुढारी १९६३ साली एका वर्षात पक्ष काढून सत्तेपर्यंत पोचला असता असं मला वाटत नाही.

मोजणी होते आणि गोवा हादरतो. विधानसभेच्या ३० जागांपैकी २८ गोव्यात, एक दमणला, एक दीवला. या २८ जागांत काँग्रेसला एकही मिळालेली नाही. ज्या पक्षाच्या सरकारनं गोवा मुक्त केला त्याला गोव्यातल्या मतदारानं दोन वर्षांत रिकाम्या हातानं परत पाठवलं. मगो आणि त्याचे मित्र सोळा, युनायटेड गोवन्स बारा.

२० डिसेंबरला तुम्ही फोंड्याहून बस पकडून पणजीला जाता. मांडवीच्या काठावर आदिलशहाचा जुना वाडा आहे, तिथेच सचिवालय. गर्दीत तुम्ही लांब उभे आहात, दिसत काही नाही. भाऊंनी स्वतः निवडणूक लढवलीच नव्हती. तरी आमदारांनी नेता म्हणून त्यांनाच निवडलं, आणि आज ते गोव्याचे पहिले मुख्यमंत्री म्हणून शपथ घेत आहेत. मंत्रिमंडळ तिघांचं: भाऊ, विठ्ठल करमली आणि टोनी फर्नांडिस. पुढे पोटनिवडणूक होते ती तुमच्याच मडकईत, आणि भाऊ तुमच्या मतावर आमदार होतात. या वेळी तुम्ही रांगेतून सरकायला पाहत नाही.

आता एक-दोन पावसाळे ओलांडा.

१९६५ मधली एक सकाळ. शेजारच्या गावात नवी शाळा सुरू झाली आहे. इमारत नाही, एका घराच्या बलकांवावर, म्हणजे ओसरीवरच, वर्ग भरतो. मास्तर रत्नागिरी जिल्ह्यातून आलेले आहेत, पोरसवदा, गोव्याचं पाणी अजून बाधतं आहे. समोर पाट्या घेऊन बसलेली मुलं कुणाची, ते पाहा: कुळांची, गवळ्यांची, माडाची सूर काढणाऱ्या रेंदेरांची, मासेमारी करणाऱ्यांची. मुलीही आहेत, धाकट्या भावाला कडेवर घेऊन आलेल्या. पोर्तुगीज राजवटीत सरकारी शिक्षण पोर्तुगीजमध्ये होतं. मराठी शाळा चालायच्या त्या गावानं वर्गणी काढून, पंतोजीला जेवण-खाण देऊन. ज्यांच्या घरात दोन वेळची पेज नीट नव्हती ते वर्गणी कुठून देणार? भाऊंच्या सरकारनं अशा गावांत शेकड्यांनी प्राथमिक शाळा उघडल्या. तुम्ही दारात उभे राहून ऐकत आहात. तुमचा मुलगा मोठ्यानं बाराखडी म्हणतो आहे. तुम्हाला स्वतःला सही करता येत नाही.

या शाळा मराठी होत्या. घरात, शेतात, बाजारात बोलायची ती कोंकणी. कीर्तनात, नाटकात, पोथीत आणि आता शाळेत मराठी. कोंकणीसाठी आयुष्य वेचणाऱ्यांना ही गोष्ट लागली, आणि त्यांचं दुःख खरं होतं. मुलांच्या ओठांवरच्या भाषेला त्या शाळांनी जागा दिली नाही, असं ते म्हणत आले. भाऊंच्या कारकिर्दीचा हिशेब मांडताना हा रकाना कोरा ठेवता येत नाही. पण बलकांवावरच्या त्या मुलाच्या बापाला, म्हणजे तुम्हाला, त्या सकाळी मुलगा पाटीवर काहीतरी लिहितो आहे एवढंच दिसत होतं.

कापणी येते. खळ्यावर कुडव घेऊन मुकादम आला आहे, पण या वेळी गोष्ट वेगळी आहे. १९६४ चा कूळकायदा झाला आहे. खंड पिकाच्या सहाव्या हिश्शाहून जास्त घेता येणार नाही, आणि मनात आलं म्हणून कुळाला शेतातून काढता येणार नाही. मुकादम अर्ध्या वाट्याचं माप घालायला वाकतो. तुम्ही पुढे होऊन सांगता की सहावा. तुमचा आवाज चिरकतो. बाकीची कुळं बांधावरून पाहत आहेत. मुकादम तुमच्याकडे बराच वेळ बघतो, काहीतरी पुटपुटतो, आणि सहावा हिस्सा मोजून घेतो. प्रत्येक गावात हे इतकं सहज झालं नाही. कायद्याचा कागद पणजीत होता आणि भाटकार गावात होता. अनेक कुळं गप्पच राहिली. जमीन तर अजून कुणाच्याच नावावर झालेली नव्हती. तरी सहावा हा शब्द खळ्यावर उच्चारला गेला, आणि तो उच्चारायला मागे सरकार उभं होतं.

मधल्या काळात मोठं राजकारण चालू आहे. १९६५ मध्ये गोव्याच्या विधानसभेनं विलीनीकरणाचा ठराव केला, महाराष्ट्रानंही तसाच केला. सिक्वेरा आणि त्यांचे सहकारी अडून बसले की आमदारांच्या बहुमतावर हा निर्णय होता कामा नये, लोकांना थेट विचारा. गोव्यातले काँग्रेसनेते पुरुषोत्तम काकोडकर यांनी दिल्लीत आपलं वजन खर्च केलं. डिसेंबर १९६६ मध्ये संसदेनं जनमत कौलाचा कायदा केला. मतदान निःपक्ष व्हावं म्हणून मगो सरकारनं सत्ता सोडावी, अशी मागणी होती. भाऊंनी ३ डिसेंबरला राजीनामा दिला. खुर्ची हातात असताना कौल घेणं सोपं गेलं असतं. ते त्यांनी केलं नाही, आणि यासाठी त्यांना जितकं श्रेय मिळायला हवं होतं तितकं आपण महाराष्ट्रात कधी दिलेलं नाही.

जानेवारी १९६७. तुमचं घर दुभंगलं आहे.

मतपत्रिकेवर दोन चिन्हं असणार आहेत. फूल म्हणजे विलीनीकरण, दोन पानं म्हणजे संघप्रदेश, गोवा आहे तसाच. तुमचा थोरला फुलाच्या बाजूनं गावभर फिरतो आहे. बहिणीचा मुलगा पणजीत कचेरीत कारकून आहे. तो शनिवारी येतो तो संतापलेला असतो. महाराष्ट्रातून प्रतिनियुक्तीवर आलेले अधिकारी आपल्या डोक्यावर बसवले, बढत्या त्यांना मिळाल्या, आपण विचारलं तर नियम सांगतात. आज हे असं आहे, विलीन झालो की गोवा महाराष्ट्राचा एक जिल्हा होईल आणि एकूण एक साहेब मुंबईहून येईल, असं तो म्हणतो. पलीकडच्या वाड्यावरचा रेंदेर वेगळ्याच काळजीत आहे. महाराष्ट्रात दारूबंदी. माडाची सूर काढून जगणाऱ्यानं काय करायचं? त्याला कुणी नीट उत्तर दिलेलं नाही. महाराष्ट्रातून आलेल्या पुढाऱ्यांनी ओट्यावर शिवराय सांगितले, ज्ञानेश्वर सांगितले, एका रक्ताचे असल्याचं सांगितलं. शाहिरांनी डफ वाजवला. रेंदेर हात जोडून ऐकत होता आणि घरी जाताना विचारत होता की माडाचं काय.

संध्याकाळी कुणीतरी देवळाच्या ओट्यावर वर्तमानपत्र मोठ्यानं वाचतं. विलीनीकरणाचा कैवारी ‘गोमंतक’ आहे. विरोधाची तोफ ‘राष्ट्रमत’ आहे. चंद्रकांत केणी त्याचे संपादक, आणि उदय भेंब्रे ‘ब्रह्मास्त्र’ हे सदर लिहितात. आता हे मराठी वाचकानं थांबून ध्यानात घ्यावं: ‘राष्ट्रमत’ मराठी दैनिक होतं. महाराष्ट्रात जाऊ नका, हे गोव्यातल्या हिंदू घरांना पटवलं गेलं ते मराठीतून. वाचणारा मराठीवर प्रेम करणारा होता, लिहिणाराही उत्तम मराठी लिहिणारा होता. भाषेचं प्रेम असलं की माणूस आपोआप आपल्या राज्यात येईल, हा आपला हिशेब तिथेच चुकला. रस्त्यावर उल्हास बुयांव कोंकणी गाणी गात होते आणि त्या गाण्यांना फुलाचे समर्थकसुद्धा ताल धरत होते.

१६ जानेवारी १९६७. पुन्हा सोमवार. पुन्हा अग्रशाळा, पुन्हा रांग. भाचा पणजीला मतदान करणार. थोरला तुमच्या पुढे आहे. तुम्ही आडोशाला जाता. समोर फूल आहे आणि दोन पानं आहेत.

आता जरा खरं बोला. १९६३ मध्ये तुम्ही महाराष्ट्र मागितलात, कारण भाटकाराच्या हातातून सुटायचा तो रस्ता दिसत होता. तीन वर्षांत भाऊंनी त्या रस्त्याचा बराचसा भाग इथल्या इथे घातला. खंड सहाव्यावर आला, पोरं शाळेत गेली, मुख्यमंत्री तुमच्यातला झाला, आणि हे सगळं पणजीत बसून झालं. मग मुंबईला कशाला जायचं, असा विचार तुमच्या मनात येऊन गेला की नाही? तो बोलून दाखवायची तुमची हिंमत नाही, कारण थोरला घरी आल्यावर भांडेल. तुमचा शिक्का कुठे पडला ते मी सांगत नाही. फोंडा, पेडणे, डिचोली, सत्तरी या भागांत फूल पुढे होतं. सासष्टीसारख्या भागांत दोन पानांचा पूर आला.

निकाल: विलीनीकरणाच्या विरोधात १,७२,१९१. बाजूनं १,३८,१७०. फरक ३४,०२१ मतांचा.

त्या दिवसापासून महाराष्ट्रात या आकड्यांचा एक सोपा अर्थ लावला गेला: ख्रिस्ती एक झाले, हिंदू विखुरले. अर्धी गोष्ट खरी आहे. ख्रिस्ती मतदार मोठ्या संख्येनं दोन पानांकडे गेला. पण ख्रिस्ती मतदार एकूण मतदारांच्या निम्म्याहून बरेच कमी होते. तेवढ्यावर पावणेदोन लाखांजवळ जाता येत नाही. भाच्यासारखे कारकून, रेंदेरासारखे कष्टकरी, कोंकणीवर जीव असलेले लेखक-शिक्षक, आणि भाऊंच्या कामानं समाधानी झालेले कितीतरी मतदार दोन पानांवर शिक्का मारणाऱ्यांत होते. त्यांना फुटीर म्हणणं म्हणजे त्यांनी विचार केला हा गुन्हा ठरवणं.

भाऊंची अवस्था काय असेल याचा विचार करा. पक्षाच्या नावातच महाराष्ट्र. ज्या मुद्द्यावर पक्ष उभा राहिला तोच लोकांनी नाकारला. अशा पराभवानंतर दुसरा कुणी पुढारी घरी बसला असता, किंवा मतदाराला दूषणं देत फिरला असता. पण गोव्यात लगेच विधानसभेची निवडणूक लागली. २८ मार्च १९६७. कौलानंतर अवघे सव्वादोन महिने. तुम्ही चौथ्यांदा त्या रांगेत आहात. विरोधकांना वाटतं आहे, मगो आता संपला.

मगोला सोळा जागा मिळतात. युनायटेड गोवन्सला बारा. भाऊ पुन्हा मुख्यमंत्री.

सगळा गोवा कोड्यात पडला, पण तुम्हाला त्यात कोडं काहीच वाटलं नाही. जानेवारीत विचारलं होतं की गोवा कुठे असावा. मार्चमध्ये विचारलं की गोवा कुणाचा असावा. दुसऱ्या प्रश्नाचं तुमचं उत्तर १९६३ पासून बदललेलं नव्हतं. वेगळा गोवा हवा, पण भाटकारांच्या हातात नको. ज्यांनी दोन पानांवर शिक्का मारला त्यांच्यातल्याही पुष्कळांनी भाऊंना परत आणलं असणार. निरक्षर म्हणून ज्याची टर उडवली जायची त्या मतदारानं दोन प्रश्न वेगळे केले, आणि पुढाऱ्यांना ते जमलं नव्हतं.

पुढची वर्षं झपाट्यानं पाहा. १९६७ मध्ये अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू होतं. बोंडल्याचं अभयारण्य आकाराला येतं. कला अकादमी १९७० मध्ये उभी राहते. पणजीहून पलीकडे बेतीला जायला फेरीबोटीची वाट पाहायची, ते दिवस मांडवीवर पूल आल्यावर सरतात. भाऊ फुटबॉलवर जीव टाकतात. त्यांच्या नावाची सुवर्णचषक स्पर्धा सुरू होते आणि देशातले नामांकित संघ गोव्यात खेळायला येतात.

सगळंच सुरळीत नव्हतं. १९७० मध्ये पक्षातल्याच काही आमदारांनी बंड केलं. भाऊ एकटेच निर्णय घेतात, कुणाला विचारत नाहीत, ही तक्रार जुनी होती आणि तिच्यात तथ्य होतं. पक्ष त्यांच्या भोवती वाढला, त्यांच्या पलीकडे वाढला नाही. गावोगाव दुसरी फळी घडवली गेली नाही. सरकार तरलं, आणि १९७२ च्या निवडणुकीत मगोनं अठरा जागा जिंकल्या. त्यामुळे या दुबळेपणाकडे बघण्याची गरज कुणाला वाटली नाही. पक्षाला ती चूक पुढे महागात पडली.

१२ ऑगस्ट १९७३, रविवार. मडकईत पाऊस कोसळतो आहे. खाजनात लावणी होऊन गेली आहे, बांधावर चिखल आहे. बातमी येते ती रेडिओवरून आणि एकाच वेळी चारी बाजूंनी. भाऊ गेले. वय ६२. मुख्यमंत्रिपदावर असतानाच. थोरला मटकन खाली बसतो. पलीकडच्या वाड्यावरचा रेंदेर, ज्यानं जानेवारी १९६७ मध्ये दोन पानांवर शिक्का मारला हे सगळ्या गावाला माहीत आहे, तो भिजत तुमच्या दाराशी येऊन उभा राहतो. पणजीला जायला गाडी मिळेल का, एवढंच विचारतो. तुम्ही दोघं मिळून निघता. मिरामारच्या किनाऱ्यावर आज भाऊंची समाधी आहे. पर्यटक तिच्या शेजारून समुद्राकडे जातात.

त्यांच्यानंतर मुख्यमंत्री झाल्या त्यांच्या कन्या शशिकला काकोडकर. वडिलांच्या नावावर सत्ता मिळाली हे उघड आहे. पण त्यांच्या काळातले दोन कायदे वाचा. १९७५ चा मुंडकार कायदा: ज्या जमिनीवर पिढ्यान्‌पिढ्या घर आहे तिथून मुंडकाराला हुसकावता येणार नाही, आणि घराखालची जागा विकत घेण्याचा हक्क त्याला. १९७६ ची कूळकायद्याची पाचवी दुरुस्ती: कसणारं कूळ जमिनीचं मालक मानलं जाईल. १९६३ च्या डिसेंबरात ज्याच्यासाठी तुम्ही रांगेत उभे होता ते कागदावर आलं, आणि त्यासाठी गोव्याला महाराष्ट्रात जावं लागलं नाही. मगोची सत्ता १९७९ मध्ये गेली. पक्ष पुन्हा तसा कधीच उभा राहिला नाही. ३० मे १९८७ रोजी गोवा स्वतंत्र घटकराज्य झाला.

आता परत या, पण एक गोष्ट करा. आपल्याकडे अजूनही जुनी माणसं जानेवारी १९६७ चा विषय निघाला की हळहळतात, गोवा हातचा गेला म्हणतात. ती हळहळ प्रेमापोटी असते हे मला माहीत आहे. तरी ती सोडून द्या. गोवा कुणाच्या हातात नव्हता, म्हणून तो कुणाच्या हातचा गेलाही नाही. दयानंद बांदोडकरांनी मराठी माणसाला अभिमान वाटावा असं जे केलं ते विलीनीकरणाच्या मंचावर केलेलं नाही. मडकईच्या खळ्यावर, बलकांवावरच्या शाळेत आणि सत्ता सोडून कौलाला सामोरं जाताना ते केलं. आपल्या पाठ्यपुस्तकांत, आपल्या दिवाळी अंकांत महाराष्ट्राच्या मुख्यमंत्र्यांवर लेख येतात, त्यांच्या शेजारी या माणसाला जागा द्या. विलीनीकरण नाकारणाऱ्या मतदारानं भाऊसाहेबांना मात्र मरेपर्यंत मुख्यमंत्री ठेवलं.